पाच ग्रॅमची पाहुणी

आयुष्यभर मी माणसं उठवत आले. लग्न झाल्यावर धाकट्या दिरांना कॉलेजसाठी, पुढे मुलांना शाळेसाठी, यांना पहिल्या एसटीसाठी, आणि प्राथमिक शाळेत शिकवायला लागल्यावर दुपारच्या पाढ्यांना पेंगणाऱ्या तिसरीच्या पोरांना. आपल्याकडे झोपलेल्याला उठवणं हे सत्कृत्यच मानतात. देवालाही आपण भर थंडीत, पहाटे, टाळ कुटत काकड्याला उठवतो. त्याला चातुर्मासात चार महिने झोपायची सवलत दिलेली आहे खरी, पण तीही कार्तिकी एकादशीला न चुकता काढून घेतो. अशा घरात मुरलेल्या बाईनं, सत्तरी उंबऱ्यावर आलेली असताना, कुणाची झोप मोडू नये म्हणून परक्या मुलखात श्वास धरून बसावं, हे आमच्या सासूबाईंना कळतं तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मुलीच्या बाळंतपणाला मी इंग्लंडला गेले होते. एल्सबरी हे त्यांचं गाव, बकिंगहॅमशरमधलं. हिवाळ्यात तिथे दुपारी चारला दिवे लागतात आणि माणूस जेवायच्या आधीच दिवसाला कंटाळतो. नात दर दोन तासांनी रडून उठायची, तिच्याबरोबर घर उठायचं. चौथ्या की पाचव्या जागरणानंतर मुलगी म्हणाली, “आई, तू जरा शेजारी जाऊन बस. त्यांच्याकडे शांत असतं.” शांत असणारच. त्यांच्याकडे वटवाघळं झोपली होती.

शेजारीणबाई निवृत्त. ग्रंथालयात नोकरी केलेल्या, त्यामुळे हळू बोलायची सवय पक्की. इंग्लंडात जखमी किंवा वाट चुकलेल्या वटवाघळांची घरच्या घरी शुश्रूषा करणारी माणसं गावोगाव आहेत. पगार नाही, बिल्ला नाही. बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट नावाची संस्था एक मदतवाहिनी चालवते. कुणाला वटवाघूळ सापडलं की तो तिथे फोन करतो आणि तिथून जवळच्या स्वयंसेवकाचं नाव त्याला कळतं. मधल्या वेळात काय करायचं तेही फोनवरच सांगतात. हातमोजे घाला, बुटाच्या खोक्याला बारीक भोकं पाडा, आत भांडी पुसायचं फडकं ठेवा म्हणजे तिला लपायला घड्या मिळतील, आणि दुधाच्या बाटलीच्या झाकणात चमचाभरसुद्धा नाही, नुसते थेंबभर पाणी. खोका शांत, अंधाऱ्या जागी ठेवा आणि सारखं उघडून बघू नका. शेवटची सूचना सर्वांत कमी पाळली जाते, असं बाईंचं निरीक्षण.

मी गेले त्या संध्याकाळी असाच एक खोका नुकताच आला होता. शेकोटीसाठी रचलेली लाकडं काढताना एका गृहस्थांना सापडलेली पिपिस्ट्रेल. ही तिथली सर्वांत सामान्य जात. फडक्याच्या घडीत मला पहिल्यांदा काही दिसलंच नाही. मग दिसली. पंख मिटून बसलेली ती पाकोळी वाळलेल्या कोकमासारखी दिसत होती. फक्त कोकमाला कान नसतात. बाईंनी तिला छोट्या डिजिटल काट्यावर ठेवलं. चार ग्रॅमसुद्धा भरली नाही. “पाच व्हायला हवेत,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. पाच ग्रॅम म्हणजे तिथल्या वीस पेन्सच्या एका नाण्याचं वजन. आमच्या नातीच्या वजनाची नोंदही त्याच आठवड्यात सुईणबाई करून गेल्या होत्या. दोन्ही घरांत काळजी तीच, दशांशचिन्ह तेवढं इकडचं तिकडे.

हातमोजे का, हे विचारल्यावर त्यांचा आवाज आणखी हळू झाला. ब्रिटनमधल्या काही थोड्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातला विषाणू सापडलेला आहे. २००२ साली स्कॉटलंडमध्ये वटवाघळांसाठीच काम करणारा एक माणूस त्यानं दगावला. म्हणून ही सगळी मंडळी रेबीजची लस टोचून घेतात आणि उघड्या हातानं कुणी शिवत नाही. प्रेम करायचं तर हातभर अंतर ठेवून आणि हातमोजे घालून. नातीला बघायला येणाऱ्यांनाही हा नियम लावावा असं मला फार वाटलं. मुलगी नको म्हणाली.

आता गंमत ऐका. थंडीनं गारठलेल्या, झोपेत बुडालेल्या वटवाघळाला खायला घालता येत नाही. अंग थंड असताना पोट चालत नाही, म्हणून आधी ऊब. गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर फडकं, त्याच्यावर पाहुणी. ती थरथरायला लागते. मला वाटलं, गेली बिचारी! पण ती थरथर हीच तिची शेगडी. स्नायू हलवून हलवून ती स्वतःला तापवते. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. मोहरीएवढे डोळे, आणि त्यात माझ्याविषयी कसलाही आदर नाही. मग चित्रकलेच्या बारीक कुंचल्यानं ओठाशी पाण्याचा थेंब. आणि मग जेवण.

जेवणाबद्दल जरा सांगते, कारण माझी खरी परीक्षा इथे झाली. फ्रिजमध्ये चीजच्या शेजारी एक प्लास्टिकचा डबा, आत कोंडा, आणि कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळट अळ्या. मीलवर्म. आपल्या रव्या-मैद्यात होणारे ते तांबडे किडे असतात ना, त्यांच्याच भुंगेरी कुळातल्या. म्हणजे ज्यांना चाळून, उन्हात घालून, प्रसंगी मिठाच्या पुड्या ठेवून मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं घराबाहेर काढत होते, त्यांना ही बाई पैसे देऊन विकत आणून, कोंडा घालून पोसत होती! अशक्त पाहुणीला अख्खी अळी चावत नाही. तेव्हा तिचं डोकं कात्रीनं उडवायचं आणि चिमट्यात धरून आतला गर तोंडाशी न्यायचा. बाईंनी चिमटा माझ्यापुढे धरला. मी जन्माची शाकाहारी, आणि त्या दिवशी नेमकी एकादशी. मी म्हटलं, मी फडकी धुते. काही दिवसांनी मात्र मी चिमटा धरू लागले होते. खाणारी ती, मी फक्त वाढपी, अशी मनाची समजूत घातली. वाढप्याला पाप लागत असतं तर आपल्याकडची निम्मी लग्नं खोळंबली असती.

रानातली पाकोळी उडता उडता किडे पकडते. एका रात्रीत तीन हजारांपर्यंत चिलटं खाते म्हणतात. तिला ताटात वाढलेलं अन्न कळत नाही. चिमट्यातून खायला शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी ती तोंड फिरवते, दुसऱ्या दिवशी चाटते, आणि एकदा कळलं की चिमट्यासकट ओढते. चावताना आवाज येतो, कुरुम कुरुम, इतक्या लहान तोंडातून येईल असं वाटणार नाही इतका स्पष्ट. मग ती पंख चाटून स्वच्छ करते, कानामागे पायाची नखं फिरवते. जेवण झाल्यावर हात धुणाऱ्या माणसांविषयी माझं मत नेहमीच चांगलं असतं.

वजन वाढत गेलं. आता माझा स्वभाव असा की, लेकरू खातंय म्हटल्यावर आणखी दोन घास, वर ऊबदार पांघरूण, आणि सारखं “काय गं, बरं वाटतंय का?” बाईंनी पिशवीतलं गरम पाणी ओतून दिलं आणि खोका गारठलेल्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. मला ते माहेरपणाला आलेल्या मुलीला गोठ्यात झोपवल्यासारखं वाटलं. मी मुलीमार्फत निषेध कळवला. त्यावर बाईंनी चहा टाकला आणि मला हिशेब समजावून सांगितला.

हिशेब असा. हिवाळ्यात किडे नसतात, म्हणजे जेवण नाही. तेव्हा ही मंडळी शरदात खाऊन अंगावर चरबी साठवतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास शरीराचं दुकानच बंद करतात. अंग भोवतालच्या हवेइतकं गार पडतं. उडताना मिनिटाला हजाराच्या घरात धडधडणारं काळीज मोजक्या ठोक्यांवर येतं. असं झोपून राहिलं तर चिमूटभर चरबीत मार्चपर्यंत निभतं. झोपेचा खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो जागं होण्याचा. मधूनमधून ती पाणी प्यायला किंवा जागा बदलायला आपणहून उठतात, आणि सबंध हिवाळ्याच्या शिदोरीतला मोठा वाटा त्या थोडक्या जागरणांतच जळतो. म्हणजे कुणी मायेनं खोका उघडला, “बघू बघू, कशी आहे” म्हणून बोटानं हलवली, की तिच्या शिल्लकीतले कित्येक दिवस गेले. ती बिचारी तक्रार करत नाही. फेब्रुवारीत मरते.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. २००६च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ती बुरशी त्यांच्या कातडीवर वाढते आणि त्यांना झोपेतून वारंवार उठवते. चरबी वेळेआधी संपते, भुकेली वटवाघळं बर्फात बाहेर पडतात, आणि बाहेर एकही किडा नसतो. पुढच्या काही वर्षांत तिथे लाखो वटवाघळं गेली. मी चहा तसाच ठेवला. माणसं उठवण्याच्या माझ्या कारकिर्दीकडे इतक्या गंभीरपणे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

बाईंच्या फ्रिजमध्ये अळ्या असतात. युक्रेनमध्ये खारकीव्हला फ्रिजमध्ये वटवाघळंच असतात. तिथे नॉक्ट्यूल जातीची मोठी वटवाघळं शहरातल्या इमारतींच्या भेगांत, खिडक्यांच्या चौकटींत थंडी काढतात. कुणी बाल्कनीची दुरुस्ती काढली की भर हिवाळ्यात बेघर होतात. तिथलं वटवाघूळ पुनर्वसन केंद्र त्यांना गोळा करतं, तपासतं, खाऊ घालतं आणि मग कापडी पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये निजवतं. वसंतात पिशव्या उघडायच्या आणि सोडून द्यायचं. २०२२च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं, शहरावर तोफांचा मारा झाला. फुटक्या खिडक्यांतून रिकाम्या इमारतींत शिरून अडकलेल्या वटवाघळांची त्यात भर पडली. काम थांबलं नाही. ज्या शहरात माणसांना रात्रीची सलग झोप मिळेना, तिथे कुणीतरी फ्रिजचं दार हळूच लावून घेत होतं. ह्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, आणि बाईंनाही बहुधा सुचलं नसावं. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेक्ससमधल्या ह्यूस्टनला अचानक कडाक्याची थंडी पडली आणि तिथल्या पुलांखाली राहणारी वटवाघळं गारठून पटापट खाली पडली. ह्यूस्टन ह्यूमेन सोसायटीच्या मेरी वॉर्विक यांनी आणि सोबतच्या लोकांनी दीड हजारावर वटवाघळं उचलून आणली, आणि ती मेरीबाईंच्या घराच्या माळ्यावर, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत ठेवली. दोन पुलांखालची वटवाघळं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पिंजरे वेगवेगळे. नाताळनंतर थंडी ओसरल्यावर २८ डिसेंबरला पुलाखाली नेऊन सोडली. माळ्यावर दीड हजार पाहुणे, तेही ऐन सणात! मला तर गणपतीत बारा माणसं आली की गाद्यांचा हिशेब लागत नाही.

सगळेच काही इतके प्रेमात नसतात. इंग्लंडात १९८१ पासून कायदाच असा आहे की वटवाघळांची वस्ती मोडायची नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही, आणि ती परगावी गेलेली असली तरी त्यांची जागा बुजवायची नाही. पोटमाळ्यावर खोली काढायची स्वप्नं पाहणारे लोक मग दात-ओठ खातात. एल्सबरीहून मोटारीनं जाण्याजोग्या अंतरावर शीपहाउस वूड नावाचं रान आहे. त्याच्या कडेनं लंडन-बर्मिंगहॅम जलद रेल्वे जाणार आहे, आणि त्या रानात बेखस्टाइन नावाची दुर्मिळ वटवाघळं राहतात. गाडीखाली ती येऊ नयेत म्हणून रुळांवर जवळजवळ किलोमीटरभर लांबीचं छप्पर बांधायला घेतलं. खर्च दहा कोटी पौंडांच्या वर! आपल्या हिशेबात हजार कोटी रुपयांच्या पलीकडे. रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांनीच २०२४च्या नोव्हेंबरात हा आकडा जाहीरपणे, वैतागून सांगितला, आणि देशभर हलकल्लोळ झाला. जावई तावातावानं म्हणाले, हा वेडेपणा आहे. मी शेजारीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, छप्पर बरोबर की चूक मला ठरवता येत नाही. त्या पैशांत अळ्यांचे किती डबे येतील एवढंच मी मोजून पाहिलं. मला हे उत्तर दोन्ही बाजूंच्या संपादकीयांपेक्षा शहाणं वाटलं.

याउलट टोकाची एक गोष्ट. ‘ग्रेटर माउस-इअर्ड’ ही मोठी जात ब्रिटनमधून १९९० साली नामशेष झाल्याचं जाहीर केलं होतं. २००२ साली ससेक्समधल्या एका पडीक बोगद्यात तिचा एक नर झोपलेला सापडला. पुढे दर हिवाळ्याला तो तिथे येऊन झोपायचा. एकटाच. पंधरा वर्षांहून जास्त काळ वटवाघळांचे अभ्यासक दर थंडीत कंदील घेऊन जायचे, तो आहे एवढं बघायचे आणि पाय न वाजवता परतायचे. कुणी त्याला उठवून विचारलं नाही की, बाबा रे, लग्नाचं काय करतोस. आमच्या गल्लीत तो एक महिनासुद्धा असा सुखानं झोपला नसता.

लग्नावरून आठवलं. ह्या मंडळींचं सगळं शरदात उरकतं, आणि मादी नराचं बीज सबंध हिवाळा अंगात राखून ठेवते. गर्भ राहतो तो वसंतात, खाण्यापिण्याची सोय झाल्यावर. उन्हाळ्यात पिल्लू होतं, बहुधा एकच. त्यामुळे थंडीत एक मादी वाचवली की कदाचित दोन जीव वाचतात. माझ्या मुलीनं हे नियोजन ऐकलं आणि रात्रीचं चौथं दुपटं बदलता बदलता म्हणाली, “आई, पुढच्या जन्मी.”

आपल्याकडे थंडीत वटवाघळं वाचवायची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे मारतं ते ऊन. झाडाला लटकणारी ती मोठी फळं खाणारी वटवाघळं पारा बेचाळिसाच्या वर गेला की पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी फासतात आणि तरीही भागलं नाही तर पिकल्या फळागत खाली पडतात. ऑस्ट्रेलियात २०१८च्या नोव्हेंबरात केर्न्सच्या आसपास दोन दिवसांच्या उष्म्यानं त्यांची तेवीस हजार भावंडं गेली. आपण त्यांना पाण्याचे फवारे मारणं लांबच. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ती उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला ‘उपद्रवी’ म्हणून बसलेली होती, ती पंगत उठली २०२२च्या दुरुस्तीत. लहानपणी वाईला नदीकाठच्या झाडाखाली त्यांनी चोखून टाकलेले बदाम आम्ही गोळा करायचो आणि दगडानं फोडून खायचो. उष्टं आम्हाला चालत होतं, वटवाघूळ तेवढं अशुभ!

मार्च उजाडला. पाहुणी पाच ग्रॅमच्या वर गेली होती. सोडण्याआधी तिला उडता येतं का ते बघावं लागतं. बाईंनी दिवाणखान्याचे पडदे ओढले, फुलदाण्या उचलल्या आणि खोका उघडला. वटवाघूळ कानाला चिकटतं आणि सोन्याचं पाणी पाजल्याशिवाय सुटत नाही, असं मला लहानपणी पढवलेलं. बाई सांगत होत्या, अगदी बारीक तारसुद्धा ती अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ओळखते आणि चुकवते, तुमचे कान तर चांगले ठळक आहेत. मला पटलं. तरी मी शाल डोक्यावरून घट्ट घेतली. ती खोलीभर फिरली, झुंबराला वळसा, कपाटाला वळसा, माझ्या शालीला दोन वळसे; एकदाही कुठे लागली नाही. मग पडद्याला उलटी लटकली आणि कानामागे खाजवू लागली.

दहा अंशांच्या वरची, वारा नसलेली संध्याकाळ मिळेपर्यंत थांबलो. जिथे सापडली तिथेच सोडायची असा नेम, कारण आसपासचा मुलूख तिला पाठ असतो. म्हणून लाकडंवाल्या गृहस्थांच्या बागेत गेलो. बाईंच्या हातात तिचा आवाज आपल्या कानांना ऐकू येईल असं करणारं यंत्र. काटा पंचेचाळीसवर; पंचावन्नवर तिची मावसबहीण बोलते. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत हे शास्त्रज्ञांना त्या आवाजांवरूनच गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी समजलं. पाहुणी हातमोज्यावर बसली, थरथरली, आणि गेली. यंत्र टकटकटक करत राहिलं. लाकडंवाले म्हणाले, “थँक्यू म्हणाली का?” बाईंनी वहीत वजन, वेळ आणि तापमान लिहिलं.

त्याच रात्री यांचा वाईहून फोन. पाडवा तोंडावर आलाय, रंगारी ठरवलाय, माळ्यावरच्या पाकोळ्यांना आधी धूर देऊन हाकलतो, म्हणाले.

“आत्ता काही करू नका,” मी म्हटलं. “मी आल्यावर बघू.”

“अगं, खाली लेंड्यांचा खच पडतोय. उंदरांच्या आहेत की त्यांच्या, तेही कळत नाही.”

“नाकाला फडकं बांधा, हातमोजा घाला आणि एक चुरून बघा. उंदराची कडक असते. पाकोळीची भुगा होते, आत किड्यांच्या पंखांची चकाकी दिसते. ते खत आहे. गुलाबाला घालतात.”

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. निवृत्तीनंतर यांनी गच्चीवर गुलाब लावलेत आणि खताच्या भावावरून नर्सरीवाल्याशी यांचं रोज वाजतं. रंगारी त्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाठवला. मी घरी पोचले तेव्हा माळ्याखाली जुनं पातळ अंथरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून. भिंतीवरच्या कॅलेंडरात आठवड्याचं उत्पन्न पेन्सिलीनं मांडलेलं. दुधाच्या हिशेबाच्या खाली. मार्चअखेरीला थोडी घट दिसत होती, त्याबद्दल यांनी माझ्याकडे विचारणा केली.